घरून शिकवताना शिक्षकाचे काय होते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि घरून शिकवणे हा प्रकार आपल्या शिक्षकांवर पूर्वतयारीविना येऊन पडला. शाळा पुन्हा भरल्यावर तो विषय संपला असे अनेकांना वाटले. या सदराकडे आलेली पत्रे मात्र तसे सांगत नाहीत. कोणी आजही घरूनच शिकवत आहे, तर कोणाची शाळा भरत असली तरी शाळेचे काम मोबाइलमधून घरात शिरले आहे. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी नववी-दहावीला गणित शिकवते. टाळेबंदीच्या काळात शाळेतील नोकरी सुटली आणि तेव्हापासून एका ऑनलाइन शिकवणी संस्थेसाठी घरून तासिका घेते. जाण्यायेण्याचा त्रास वाचला, मानधनही वेळेवर मिळते. पहिले वर्ष उत्साहात गेले. आता मात्र तासिकेची वेळ जवळ आली की मन खचते. मुलांचे कॅमेरे बंद असतात. ‘कळले का?’ असे विचारले की ‘हो मॅम’ एवढीच अक्षरे उमटतात. शिकवण्याची आवडच संपली की काय, अशी भीती वाटते. (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : आवड संपली असती, तर बंद कॅमेऱ्यांचे आपल्याला इतके वाईट वाटले नसते. आपले दुखणे वेगळे आहे. शिकवण्याच्या कामात शिक्षकाला जे परत मिळते, ते आपल्याला मिळेनासे झाले आहे. वर्गात वर्गसमीकरण सोडवताना कोण दुसऱ्या पायरीवर अडखळले, कोणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावले, कोणाच्या कपाळावरची आठी सुटली, हे फळ्याकडून वळताक्षणी दिसते. त्यावर आपण पुढचे वाक्य ठरवतो. म्हणजे शिक्षकाची प्रेरणा त्याच्या मनात साठवलेली नसते, ती बरीचशी समोरच्या मुलांकडून दर काही मिनिटांनी येत असते. पडद्यावर हा पुरवठा तुटतो आणि शिक्षक स्वतःच्या बळावर तास ओढू लागतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या प्रेरणेच्या सिद्धान्तात माणसाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत : आपल्या कामाबाबत निर्णय घेण्याची मोकळीक, आपल्याला हे जमते आहे याची जाणीव आणि माणसांशी जोडलेपण. आपले पत्र या दृष्टीने वाचले, तर तिन्ही ठिकाणी पडझड दिसते. ऑनलाइन संस्थांमध्ये पाठाचा क्रम, स्लाइड आणि वेळ पुष्कळदा वरून ठरून येतात. जमते आहे की नाही हे सांगणारी मुलांची वही दिसत नाही, दिसते ते तारकांचे रेटिंग. आणि दर काही आठवड्यांनी बॅच बदलली, तर नावे पाठ होण्याआधीच मुले निघून जातात. ही अवस्था आपल्या एकटीची नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२०मध्ये पाच राज्यांतील सरकारी शाळांच्या शिक्षकांशी बोलून केलेल्या अभ्यासात ८० टक्क्यांहून अधिक शिक्षकांनी ऑनलाइन वर्गात मुलांशी भावनिक नाते टिकवता येत नसल्याचे सांगितले होते. मुलांना किती समजले हे अर्थपूर्ण रीतीने तपासता येत नाही, असे सुमारे ९० टक्के शिक्षकांचे मत होते.

यात शरीराच्या थकव्याची भर पडते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची चार कारणे मांडली : सतत अगदी जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा सारखा समोर दिसणे, एकाच जागी खिळून राहणे आणि हावभावांतून सहज कळणाऱ्या गोष्टी प्रयत्नपूर्वक समजून घ्याव्या लागणे. आपल्याकडे मुलांच्या नजरा नाहीत, परंतु उरलेली तीनही कारणे आहेत.

म्हणून पहिला उपाय खुर्चीपासून सुरू करावा. स्वतःची चौकट पडद्यावरून लपवण्याची सोय असते, ती वापरावी. शक्य असेल तर भिंतीवर छोटा फळा लावून उभ्याने शिकवावे. गणित शिकवणाऱ्या हाताला खडू किंवा मार्कर लागतो, हे आपल्याला सांगायला नको. दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा आहे. ‘कळले का?’ हा प्रश्न सोडून द्यावा, कारण त्याला ‘हो’ शिवाय उत्तर नसते. त्याऐवजी उदाहरण अर्ध्यावर थांबवून ‘पुढची एकच पायरी लिहा’ असे सांगावे आणि उत्तरे येईपर्यंत शांतपणे थांबावे. दर तासाला चार-पाच मुलांनी वहीतील एका उदाहरणाचा फोटो पाठवावा आणि त्यातील एखादी चूक, नाव न घेता, पुढच्या तासाला चर्चेला घ्यावी. कॅमेरा सुरू करण्याची सक्ती करू नये. एका खोलीत सगळे कुटुंब राहते, अशा घरातील मुलाला ती नकोशी असते. वही दाखवायला मात्र बहुतेक मुले तयार होतात आणि शिक्षकाला वही चेहऱ्यापेक्षा जास्त सांगते. एकच बॅच वर्षभर मिळावी, असा आग्रह संस्थेकडे लेखी धरावा. माझ्या मते आपल्या सर्व अडचणींत ही मागणी सर्वांत मोलाची आहे.

एक काळजी मात्र घ्यावी. झोप उडणे, सकाळी उठल्यापासून रडू येणे, ज्या गोष्टींत रस होता त्या सगळ्याच नकोशा होणे, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर तो केवळ कामाचा शीण नसतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. शाळा नियमित भरते, तरी काम घरी संपत नाही. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद), अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), आधारची जुळणी, प्रशिक्षणाच्या लिंक, आणि व्हॉट्सअॅपवर रात्री येणारे ‘माहिती आजच सादर करावी’ हे संदेश. शिकवून जेवढा थकत नाही, तेवढा या सगळ्याने थकतो. सहकारी म्हणतात, सवय होईल. ही माझीच कमजोरी आहे का? (एक शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : नाही. कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये गेली दोन दशके एक सूत्र रूढ आहे : कामाच्या मागण्या आणि त्या पेलण्यासाठी हाताशी असलेली साधने यांत अंतर पडले, की माणूस झिजतो. साधने म्हणजे केवळ यंत्रे नव्हेत. वेळ, वरिष्ठांचा पाठिंबा, निर्णयाची मोकळीक, कामाचा अर्थ समजणे, हीही साधनेच आहेत. आपल्या पत्रातील मागण्या वाढत गेल्या आहेत आणि प्रत्येक मागणीसाठी लागणारे साधन शिक्षकाने स्वतःचे आणावे, असे गृहीत धरलेले आहे : मोबाइल त्याचा, रिचार्ज त्याचा, रात्रही त्याचीच.

दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. शिकवण्याचा थकवा आणि माहिती भरण्याचा थकवा एकाच जातीचे नाहीत. पहिल्यात दिवसाच्या शेवटी काहीतरी घडलेले दिसते. दुसऱ्यात तीच माहिती तीन ठिकाणी, तीन नमुन्यांत भरली जाते आणि तिचे पुढे काय झाले हे कधीच कळत नाही. हेतू न दिसणारे काम थोडे असले तरी जड वाटते. शिवाय तो संदेश रात्री येईलच असे नसते, येऊ शकतो एवढेच असते. तेवढ्याने मन मोकळे होत नाही. मोबाइल उशाशी राहतो आणि विश्रांतीचा तासही ड्युटीचा होऊन जातो.

कायद्याचा आधार आपल्याला माहीत असावा. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत आणि त्यांत पाठाच्या तयारीचे तास धरलेले आहेत. तयारी हे शिक्षकाचे फावल्या वेळचे काम नाही, हे कायद्यानेच मान्य केले आहे. याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना नेमता येत नाही. राज्य शासनानेही २०२४मध्ये शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी केली. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून कायद्यात आहे. आपल्याकडे त्यासाठी २०१८मध्ये लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी खासगी विधेयक मांडले होते, परंतु ते कायद्यात उतरले नाही. त्यामुळे रात्रीच्या संदेशाला उत्तर देणार नाही, असे एकट्याने जाहीर करणे धोक्याचे ठरू शकते, हे मी जाणते.

म्हणून हे काम आपल्या शाळासमूहाच्या केंद्राच्या पातळीवर, सर्वांनी मिळून करावे. शिक्षण परिषदेच्या बैठकीत केंद्रप्रमुखांसमोर एक साधा तक्ता ठेवावा : महिनाभरात कोणती माहिती किती वेळा मागितली गेली, त्यांपैकी कोणती आधीच पोर्टलवर होती, आणि कोणती सायंकाळी सहानंतर मागितली गेली. तक्रारीच्या सुरापेक्षा असा तक्ता अधिक ऐकला जातो. त्यावरून दोन गोष्टी मागाव्यात. माहिती मागवण्याचा आठवड्यातला एक दिवस ठरावा आणि तातडीचे असेल तर संदेश न पाठवता फोन करावा. फोन करणाऱ्याला तातडी खरी आहे का, याचा विचार करावा लागतो. संदेश पुढे ढकलणाऱ्याला तो करावा लागत नाही.

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. टाळेबंदीत काही शिक्षकांनी घरून फार चांगले काम केले, तर काही जण दिसेनासे झाले, अशी माझी नोंद आहे. पुढे पूर, साथ किंवा उष्म्यामुळे पुन्हा ऑनलाइन वर्ग घ्यावे लागले, तर घरून काम करणाऱ्या शिक्षकाची कार्यक्षमता कशी मोजावी? (एक मुख्याध्यापक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : घरून काम केल्याने कार्यक्षमता वाढते, हे सांगताना बहुतेक वेळा निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांच्या चीनमधील प्रयोगाचा दाखला दिला जातो. एका मोठ्या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांना घरून काम करू दिले, तेव्हा त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. हा दाखला शिक्षकांना लावताना फार जपावे लागते. तेथे काम सुटे होते, मोजता येण्यासारखे होते आणि घरून काम करण्यास कर्मचारी स्वतः तयार झाले होते. अध्यापनात यांतले एकही गृहीत धरता येत नाही. नेदरलँड्ससारख्या देशात इंटरनेट जवळजवळ घरोघरी आहे आणि २०२०मध्ये तेथील शाळा साधारण आठच आठवडे बंद होत्या. तरीही त्या काळात मुलांची प्रगती जवळपास झालीच नाही आणि कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचे नुकसान अधिक झाले, असे तेथील परीक्षांच्या अभ्यासातून दिसून आले. तेथील शिक्षक आळशी होते, असा अर्थ कोणी काढला नाही.

आता आपल्या नोंदीकडे वळू. ‘दिसेनासे झाले’ म्हणजे कोठून दिसेनासे झाले, हे तपासावे लागेल. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या कुटुंबांपैकी २०१८मध्ये ३६.५ टक्के कुटुंबांकडे स्मार्टफोन होता. २०२०मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेले. वाढ मोठी आहे, तरीही दहांतील जवळजवळ चार घरांत फोन नव्हता, आणि जिथे होता तिथेही तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जात असे. ज्या वर्गातील निम्म्या मुलांकडे साधनच नाही, त्या वर्गाच्या शिक्षकाची ऑनलाइन हजेरी कमी दिसणारच. शिवाय त्या काळात कित्येक शिक्षक घरोघरच्या सर्वेक्षणाला, तपासणी नाक्यांवर आणि रेशन दुकानांवर नेमलेले होते. आपल्या यादीतील न दिसणारे शिक्षक त्या दिवशी कोठे होते, हे आदेशांच्या फाइलीत सापडेल.

उलट, पडद्यावर न दिसलेले काम किती मोठे असू शकते याचे उदाहरण सोलापुरात आहे. नीलमनगरच्या कामगार वस्तीत घराघरांत स्मार्टफोन नव्हते, म्हणून तेथील शिक्षकांनी २०२०मध्ये घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले आणि मुले भिंतीसमोर उभी राहून शिकली. लॉगिनच्या तासांवरून कार्यक्षमता मोजणाऱ्या पद्धतीत हे काम शून्य भरले असते.

तेव्हा लॉगिनचे तास, तासिकेचे स्क्रीनशॉट आणि पाठवलेल्या व्हिडिओंची संख्या यांवर मूल्यमापन करू नये. ही मोजमापे सोपी असतात आणि म्हणूनच घातक ठरतात, कारण शिक्षक शिकवणे बाजूला ठेवून पुरावे गोळा करू लागतो. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात. वर्गातील किती मुलांशी या आठवड्यात शिक्षकाचे प्रत्यक्ष बोलणे झाले, फोनवर का होईना? मुलांच्या लिखाणावर त्याने काय अभिप्राय दिला? आणि जी मुले पोहोचली नाहीत, त्यांच्यासाठी त्याने दुसरा कोणता मार्ग पाहिला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काही सुचले नाही’ असे आले, तरी ते शिक्षेचे कारण मानू नये. तेथे मुख्याध्यापकाचे काम सुरू होते. साधने, वेळ आणि एखादा जोडीदार शिक्षक देणे आपल्या हातात आहे.

प्रश्न : वरिष्ठ महाविद्यालयात घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवतो. ऑनलाइन तास घ्यायला सांगतात, पण मानधनाच्या वेळी ते मोजायचे की नाही यावर वाद होतो. तणावमुक्तीच्या वेबिनारला बसण्याची सूचना मात्र येते. (एक प्राध्यापक, परभणी)

उत्तर : आपल्या ताणाचे कारण मिळकतीची अनिश्चितता आहे. श्वासाच्या व्यायामाने ते दूर होणार नाही. ऑनलाइन तासिका मानधनासाठी ग्राह्य धरली जाईल, असे पत्र सत्र सुरू होण्यापूर्वी प्राचार्यांकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर थांबू नये. प्रत्येक तासाची तारीख, वेळ, घटक आणि उपस्थिती यांची नोंद त्याच दिवशी विभागप्रमुखांच्या ईमेलवर पाठवावी. रेकॉर्ड केलेले पाठ पुढच्या वर्षी आपल्याशिवाय वापरले जाणार असतील, तर त्याच्या अटीही त्याच पत्रात याव्यात. ही मागणी करताना संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : माझी पत्नी एका खासगी शाळेच्या ऑनलाइन विभागात शिकवते. ती दिवसभर घरीच असते, तरी सायंकाळी मी कामावरून येतो तेव्हा माझ्यापेक्षा जास्त थकलेली असते आणि चिडचिड करते. घरच्यांनी काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या वाक्यातील ‘घरीच असते’ हे शब्द पुन्हा वाचावेत, अशी विनंती आहे. त्या घरी नसतात, कामावर असतात. कामाची जागा घरात आहे, इतकेच. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचे विनावेतन काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. बाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रीला निदान शाळेच्या वेळेत कुकरची शिटी, दारावरची बेल आणि ‘जरा बघतेस का’ यांपासून सुटका मिळते. घरून शिकवणाऱ्या स्त्रीला ती मिळत नाही. एका बाजूला चाळीस मुले आणि दुसऱ्या बाजूला उतू जाणारे दूध, यांत दोन्हीकडे आपण कमी पडतो, अशी खंत तिला वाटत राहते. चिडचिड त्या खंतीतून येते.

घरात त्यांच्या तासिकांचे वेळापत्रक सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावे. त्या वेळेत दार, फोन, गॅस आणि सासूबाईंचे औषध ही दुसऱ्या कोणाची तरी जबाबदारी असावी, आणि ती व्यक्ती कोण हे आधीच ठरलेले असावे. ठाण्यातल्या घरात वेगळी खोली मिळणे कठीण असते, हे मान्य आहे. पण एक ठरलेला कोपरा, आधाराची खुर्ची आणि तासाच्या वेळी बंद असलेला टीव्ही एवढे कोणत्याही घरात जमू शकते. आणि शेवटची तासिका संपल्यावर त्यांना अर्धा तास कोणीही काही विचारू नये. आपल्याला लोकलमध्ये मिळतो तो कामातून बाहेर पडण्याचा वेळ त्यांना कोणीच दिलेला नाही.

प्रश्न : मी एम.एड.ची विद्यार्थिनी आहे. ‘दूरस्थ कामाचा शिक्षकांची प्रेरणा, ताण आणि कार्यक्षमता यांवरील परिणाम’ हा विषय निवडला आहे. गूगल फॉर्मवर प्रश्नावली करून शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांत पाठवणार आहे. हे पुरेसे आहे का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : विषय चांगला आहे, परंतु या पद्धतीत तीन अडचणी आहेत. गटांत आलेला फॉर्म भरणारे शिक्षक बहुधा मोबाइलला सरावलेले आणि थोडी उसंत असलेले असतात. जे सर्वांत जास्त थकलेले आहेत, ते फॉर्म उघडतही नाहीत. त्यामुळे ताण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल. दुसरे असे की, प्रेरणा, ताण आणि कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच बैठकीत विचारल्या, तर त्या दिवशीची त्याची मनःस्थिती तिन्ही उत्तरांत उतरते आणि त्यांचा परस्परसंबंध असतो त्याहून घट्ट भासतो. कार्यक्षमतेसाठी तरी वेगळा आधार घ्यावा, जसे मुलांच्या तपासलेल्या वह्या किंवा सहकाऱ्याने पाहिलेला पाठ. तिसरी अडचण आपल्या शीर्षकातच आहे. ‘दूरस्थ काम’ हे एक काम नाही. घरून शिकवणारी ऑनलाइन शिक्षिका, रात्री पोर्टल भरणारा जिल्हा परिषदेचा शिक्षक आणि तासिकेवर मोजला जाणारा प्राध्यापक यांना एका सरासरीत घातले, तर तिघांचेही दुःख त्या आकड्यात हरवून जाईल. यांपैकी एकच गट निवडावा.

संख्या कमी ठेवून पंधरा-वीस शिक्षकांच्या सविस्तर मुलाखती घ्याव्यात, असे मी सुचवेन. त्यांना आठवडाभर साधी दैनंदिनी लिहायला सांगावी : आज काम किती वाजता थांबले, कोणत्या क्षणी शिकवण्याचा आनंद झाला, कोणत्या क्षणी सोडून द्यावेसे वाटले. आनंदाचा प्रश्न वगळू नये. ताणावरच्या अभ्यासांत तो बहुधा राहून जातो आणि मग शिक्षक टिकून का राहतात, हे कधी कळतच नाही. मुलाखतीची वेळ शिक्षकाने ठरवावी आणि प्रश्नावली किंवा दैनंदिनी कोणत्याही परिस्थितीत मुख्याध्यापकांच्या अथवा केंद्रप्रमुखांच्या हातून जाऊ देऊ नये. आपले उत्तर कार्यालयात वाचले जाईल अशी शंका आली, की शिक्षक ‘ताण नाही’ असेच लिहितो.